हेपॅरिनची परीक्षा

नोव्हेंबर २००७. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या मुलांच्या एका रुग्णालयात डायलिसिस सुरू होताच काही मुलांचा चेहरा सुजू लागला, रक्तदाब घसरला, छातीचे ठोके वाढले. संशय आधी डायलिसिसच्या उपकरणांवर गेला. ती स्वच्छ करण्याची पद्धत बदलून पाहिली, तरी त्रास थांबेना. जानेवारीत प्रकरण रोगनियंत्रण केंद्राकडे गेलं. इतर राज्यांतूनही तशाच तक्रारी येऊ लागल्या आणि त्या सगळ्यांचा माग एकाच औषधापाशी पोचला: रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपॅरिन. बॅक्स्टर कंपनीने आपल्या कुप्या परत मागवल्या. या प्रकरणाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या मृत्यूंचा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा आकडा पुढे ८१ वर गेला.

आणि तरीही त्या कुप्या गुणवत्ता तपासणीत उत्तीर्ण झालेल्या होत्या.

हे कसं घडलं ते समजायला हेपॅरिन म्हणजे काय ते पाहायला हवं. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याच्या हाती लागला उलट्या गुणाचा अर्क. कुत्र्याच्या यकृतातून आला म्हणून हॉवेल यांनी पुढे त्याला यकृताच्या ग्रीक नावावरून हेपॅरिन म्हटलं. कालांतराने कच्चा माल यकृताकडून गायीच्या फुप्फुसांकडे आणि मग डुकराच्या आतड्याच्या अस्तराकडे वळला. गायींच्या मेंदूरोगाच्या भीतीने नव्वदच्या दशकात अमेरिकेत गायीचं हेपॅरिन बंद झालं आणि सगळी भिस्त डुकरावर आली. जगातली निम्म्याच्या आसपास डुकरं चीनमध्ये. कत्तलखान्यांतून निघणारं अस्तर तिथल्या लहान लहान कारखान्यांतून, दलालांच्या हातांतून वर सरकत असे. २००६-०७ मध्ये तिथे डुकरांवर मोठी साथ आली, माल घटला, भाव चढले. भेसळीला याहून चांगला मोसम नाही.

रसायन म्हणून हेपॅरिन ही साखरेच्या दोन एककांची पुन्हा पुन्हा येणारी साखळी, आणि तिच्यावर जागोजागी सल्फेटचे गट. शरीरात सापडणाऱ्या रेणूंमध्ये इतका दाट ऋणभार दुसऱ्या कुणावर क्वचितच असेल. कास्थीतलं काँड्रॉइटिन सल्फेट, त्वचेतलं डर्मटान सल्फेट ही त्याची भावंडं. प्रथिनाचा आराखडा डीएनएत लिहिलेला असतो; या साखळ्यांचा कुठेच नसतो. पेशीतली विकरं एकामागून एक त्यांना घडवत जातात, कुठे सल्फेट लावतात, कुठे सोडून देतात. म्हणून एकाच नमुन्यातल्या दोन साखळ्या सारख्या निघतीलच असं नाही. रक्त गोठण्याला रोखणारा पाच शर्करांचा नेमका तुकडासुद्धा सुमारे एकतृतीयांश साखळ्यांतच असतो. अशा पदार्थाला ‘शुद्ध’ म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? प्रयोगशाळेचा मुख्य प्रश्न हाच आहे.

ऊतीतून या साखळ्या बाहेर काढणं हे तुलनेने सरळ काम. कास्थीचा तुकडा पपेनमध्ये साधारण ६५ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवला की प्रथिनं विरघळून जातात आणि साखळ्या शिल्लक राहतात. हे पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं विकर. मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावणाऱ्या घरांना त्याची करामत ठाऊकच आहे. मग अल्कोहोल घालून साखळ्या खाली बसवायच्या. मोजायला सोपा उपाय म्हणजे डायमिथिलमिथिलिन ब्लू हा रंग: सल्फेटयुक्त साखळी भेटली की निळा जांभळ्याकडे झुकतो आणि यंत्र ५२५ नॅनोमीटरवर किती प्रकाश शोषला गेला ते सांगतं. चाचणी झटपट होते, स्वस्तही पडते. पण तिला दिसतो तो ऋणभार. तो कुणाचा, हे तिला कळत नाही.

म्हणून खरा भरवसा विकरांवर. १९५६ मध्ये मातीतल्या एका जिवाणूत हेपॅरिन कापणारी विकरं सापडली. काँड्रॉइटिन कापणारं विकर प्रोटियस वल्गारिस या जिवाणूकडून मिळालं. यांची खुबी अशी की साखळी तोडताना ती तुकड्याच्या टोकाला एक दुहेरी बंध सोडून जातात आणि तो बंध २३२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. मग द्रव क्रोमॅटोग्राफीतून तुकडे एकेक करून बाहेर पडतात आणि कोणत्या जातीचे किती, याचा हिशेब लागतो. विकर फक्त आपल्या ओळखीची साखळी कापतं, म्हणून त्याची साक्ष रंगापेक्षा मोलाची.

यातलं काहीही २००७ च्या हेपॅरिनपुढे उभं केलं गेलं नव्हतं. अमेरिकी औषधकोशातली शक्तीची चाचणी मेंढीच्या रक्तद्रवावर होत असे: तो अमुक वेळ गोठला नाही, तर हेपॅरिन पास. आपल्याकडे दुधात पाणी घालून वर साखर किंवा युरिया टाकला की लॅक्टोमीटर गप्प बसतो, तसंच हे. एका गुणावरून माल ओळखला की तेवढाच गुण देणारा पदार्थ शोधला जातो. इथे तो होता जादा सल्फेट चढवलेलं काँड्रॉइटिन. मूळ काँड्रॉइटिन जनावरांच्या कास्थीतून स्वस्तात मिळतं. रसायन वापरून त्याच्या दर दोन शर्करांवर चार सल्फेट बसवले होते. निसर्गात असा रेणू सापडत नाही. तो वेगळ्याच वाटेने, हेपॅरिन कोफॅक्टर दोन या प्रथिनामार्फत रक्त गोठणं लांबवतो, त्यामुळे मेंढीची चाचणी फसली. शरीरात मात्र त्याने ब्रॅडिकायनिन हा रक्तदाब उतरवणारा पदार्थ तयार करणारी यंत्रणा चेतवली आणि त्यातून रक्तदाब कोसळला. मला तरी यात निष्काळजीपणा दिसत नाही. ज्याने हे केलं त्याने औषधकोश काळजीपूर्वक वाचलेला होता.

भेसळ उघड केली ती मिलानची रोन्झोनी संस्था, एमआयटीचे राम शशिशेखरन, रॉबर्ट लिनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हेपॅरिन कापणाऱ्या विकरांना हा रेणू बधला नाही. एनएमआर म्हणजे रेणूतल्या अणुकेंद्रकांचे चुंबकीय संकेत टिपणारी पद्धत. तिच्या आलेखात हेपॅरिनच्या ॲसिटिल गटाचं शिखर २.०४ पीपीएमला येतं; संशयित नमुन्यांत २.१५ च्या आसपास आणखी एक उभं होतं. तेवढ्या एका टेकडीवरून तपासाची दिशा ठरली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त रेणूची रचना प्रसिद्ध झाली. औषधकोशाने लगेच एनएमआर सक्तीचा केला आणि २००९ मध्ये मेंढीला रजा दिली. आता रक्त गोठवणाऱ्या दोन घटकांवर, म्हणजे दहाए आणि दोनए यांच्यावर, वेगवेगळी मोजणी होते आणि दोन्हींचं गुणोत्तर ०.९ ते १.१ मध्ये असावं लागतं. जादा सल्फेटवाल्या काँड्रॉइटिनला दहाएच्या मोजणीत टिकता येत नाही.

हेपॅरिनपुरतं दार लागलं. पण तेच काँड्रॉइटिन गुडघेदुखीसाठी गोळ्यांतून विकलं जातं, आणि पूरक आहारावर औषधाइतका पहारा नसतो. तिथे वर्षानुवर्षं चाललेली एक चाचणी फक्त ऋणभार मोजते. तिला चकवायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटसारखा स्वस्त क्षार पुरतो, आणि तो काही नमुन्यांत सापडलेलाही आहे. तेव्हा अशी बाटली घेताना त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचून थांबू नका. तो कोणत्या चाचणीने काढला, हे कंपनीला लिहून विचारा. उत्तरात विकर आणि क्रोमॅटोग्राफी यांचा उल्लेख नसेल, तर त्या आकड्यावर पैसे घालवू नका.