खाटेवरची लाल अक्षरे

आमच्या एका सहकारी शिक्षिकेचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, तेव्हा त्यांना भेटायला आम्ही तिघे जण जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात गेलो होतो. शेजारच्या खाटेवर विशीतली एक मुलगी होती. तिच्या खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर लाल शाईने, ठळक अक्षरात, ‘एचआयव्ही’ असे लिहिले होते. भेटायला येण्याची वेळ होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो कागद वाचत होता. समोरच्या खाटेकडे आलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला दंडाला धरून पलीकडे ओढले. चहा देणाऱ्याने तिचा कप टेबलावर न ठेवता खाली फरशीवर ठेवला. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

निघताना आम्ही सिस्टरना त्या कागदाबद्दल विचारले. त्या चिडल्या नाहीत, पण फार दमलेल्या दिसल्या. म्हणाल्या, “सर, चाळीस पेशंट आहेत आणि दुपारपासून मी एकटी आहे. कुणाला काय आहे ते मला एका नजरेत कळायला नको? सुई टोचली तर माझ्या लेकरांचं काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘रुग्णाची खाजगी बाब आहे हो’ एवढे म्हणून तो टाळता येणार नाही. तेव्हा आधी त्या सुईकडेच नीट पाहू या.

एचआयव्ही असलेल्या रुग्णाला वापरलेली सुई परिचारिकेला टोचली, तर तिला लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. म्हणजे अशा हजार घटनांत सुमारे तीन. त्यातही, सुई टोचल्यावर लवकरात लवकर, निदान ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतली, तर हा धोका आणखी पुष्कळ कमी होतो. आता हेपटायटिस-बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या एका विषाणूचे पाहा. लस न घेतलेल्या परिचारिकेला अशा सुईतून त्याची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, म्हणजे हजारात साठ ते तीनशे! हेपटायटिस-सी या दोहोंच्या मधे, साधारण पावणेदोन टक्के. म्हणजे सर्वांत कमी सहजपणे पसरणाऱ्या विषाणूचे नाव लाल शाईने लिहिले गेले आहे आणि त्याच्या कितीतरी पट पसरणाऱ्याचा पत्ताच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एचआयव्हीची नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती पुरेशी तयार व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. या काळात तपासणी ‘नाही’ म्हणते, आणि नेमक्या याच काळात रक्तात विषाणूंची संख्या अतिशय जास्त असू शकते. उलट ज्याला आपला आजार ठाऊक आहे आणि जो रोज औषधे घेतो, त्याच्या रक्तातले विषाणू इतके कमी होतात की पुष्कळदा मोजणीत सापडतही नाहीत. थोडक्यात, लाल अक्षरांची खाट कदाचित वॉर्डातली कमी धोक्याची, आणि कोऱ्या कागदाची खाट जास्त धोक्याची. ती चिठ्ठी सिस्टरना सुरक्षित करत नाही. आपण सुरक्षित आहोत असे तिला वाटायला लावते, एवढेच.

म्हणूनच १९८०च्या दशकात अमेरिकेत नियम निघाला, आणि पुढे जगभर रुजला, की प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागायचे. रक्ताशी संबंध येणार तिथे हातमोजे सर्वांसाठी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, कारण पुष्कळ सुया टोपण लावतानाच टोचतात. आणि स्वतः परिचारिकेने हेपटायटिस-बीची लस घ्यायची. हे सगळे पाळले तर खाटेवरच्या कागदाला काही कामच उरत नाही.

मग तो लटकतो का? कारण हातमोज्यांचे खोके मोजून मिळते आणि चाळिसांमागे एक सिस्टर असते. सर्वांसाठी मोजे नाहीत, तर ‘कोणासाठी वापरू’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर म्हणून चिठ्ठी येते. सिस्टरना दोष देणे सोपे आहे. आम्हाला तो दोष मोज्यांच्या हिशेबात आणि रिकाम्या पडलेल्या पदांत जास्त दिसतो.

परिचारिकेच्या धंद्यात ही शिकवण नवी नाही. फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात बजावले आहे की परिचारिका चहाडखोर नसावी आणि ज्यांना विचारण्याचा हक्क आहे त्यांनाच तिने रुग्णाबद्दल सांगावे. पण कोणाला हक्क आहे, हे ठरवणे अवघड जाते. आपल्याकडे यावर एक खटला गाजला. नागालँडमधील एका डॉक्टरांनी १९९५ साली चेन्नईत नातेवाइकासाठी रक्त दिले. तपासणीत एचआयव्ही निघाला, ती बातमी रुग्णालयातून फुटली, ठरलेले लग्न मोडले आणि समाजाने टाकल्यामुळे त्यांना राहते शहर सोडावे लागले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रुग्णाची गुप्तता राखणे हे कर्तव्यच आहे, पण होणाऱ्या पत्नीचा जीव धोक्यात असेल तर ते मागे पडते. अशा व्यक्तीच्या लग्नाच्या हक्काबद्दलही त्या निकालात काही शेरे होते. ते न्यायालयाने २००२ साली मागे घेतले. पुढे २०१७ साली एचआयव्ही-एड्सबाबत वेगळा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कोणाचीही ही माहिती उघड करता येत नाही. उपचार करणाऱ्यांना उपचारापुरती ती एकमेकांना देता येते आणि जोडीदाराला सांगण्यासाठीही ठरावीक वाट आहे. सिस्टरना कळू नये असे कायदा म्हणतच नाही. केसपेपरमध्ये ते असू शकते. चहावाल्याला कळण्याचे मात्र काही कारण नाही.

आता वर्गात करण्याजोगे काही. वीस ग्लासांत अर्धे-अर्धे पाणी घ्या. एकात मुलांच्या नकळत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. (पाणी प्यायचे नाही, हे आधीच सांगा.) प्रत्येक मुलाने एका मित्राच्या ग्लासात आपले पाणी ओतून, मिसळून, अर्धे परत घ्यायचे. असे तीन वेळा, दर वेळी वेगळ्या मित्राशी. शेवटी प्रत्येक ग्लासात हळदीच्या पाण्याचे थेंब टाका. एका ग्लासापासून सुरुवात होऊनही आठपर्यंत ग्लास लाल होतात, आणि आधी पाहून एकही ओळखता येत नाही.

आम्ही हा प्रयोग केला तेव्हा एक चूक केली. ज्यांचे पाणी लाल झाले त्या मुलांना बाकीच्यांनी दिवसभर चिडवले. डबा खायलाही कोणी शेजारी बसेना. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “मला काय दिलंय ते मला तरी कुठं माहीत होतं?” नुसती हळद आणि सोडा, पण लाल कागदाने व्हायचे ते सगळे झाले. पुढच्या वेळी आम्ही ग्लासांना फक्त क्रमांक दिले आणि ते गोळा करून, मिसळून, मग हळद टाकली. वीसपैकी किती लाल झाले ते फळ्यावर आले; कोणाचे ते आले नाही. पसरण्याचे गणित मुलांना तितकेच समजले.

क्षयाच्या बाबतीत हा फरक उपयोगी पडतो. क्षय हवेतून पसरतो, म्हणून तिथे मास्क, उघड्या खिडक्या आणि कधी वेगळी खाट खरोखरच लागते. प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि तीत नावही असते. पण आरोग्य खात्याला कळवणे वेगळे आणि गल्लीत जाहीर होणे वेगळे. २०२० साली करोनात घराबाहेर फलक लागले आणि हातांवर शिक्के उमटले, तेव्हा हा फरक आपण सर्वांनीच अनुभवला. फलकाच्या भीतीने माणूस तपासणीच टाळतो, आणि न तपासलेल्या रुग्णाला शोधणार कसे?

आपल्या शाळेतही आरोग्य तपासणीचे पथक येते. फिट येणारी, हृदयाला छिद्र असणारी, रक्त कमी असणारी मुले, अशी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहते. आम्ही आमच्या शाळेतली शोधली, तेव्हा ती कार्यालयाच्या भिंतीवर, शालेय पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी, टाचणीने लावलेली सापडली. आता ती कुलपाच्या कपाटात असते. फिट आल्यावर काय करायचे ते मात्र आम्ही सर्व वर्गांना शिकवले आहे, कोणाला येते ते न सांगता.