जुन्या सुरीला नवी मूठ

सुरी जाते ती मुठीकडून. पातं काळवंडलं, तांबूस झालं तरी घासून निघतं. पण मुठीत शिरलेलं त्याचं शेपूट घामानं आणि पावसाळ्यातल्या ओलीनं आतल्या आत गंजतं, फुगतं आणि लाकडाला चीर पाडतं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारी सुऱ्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या. आज त्यातली एखादी बाहेर निघाली, तर दुरुस्तीचा निम्म्याहून जास्त वेळ न दिसणाऱ्या भागावरच जातो.

आधी कायद्याचं पाहून घ्या. मूठ सांबरशिंगाची किंवा काळविटाच्या शिंगाची असेल, तर पहिल्यांदा वन विभागाला विचारा. नवी मूठ शिंगाची करण्याचा विचार तर सोडूनच द्या. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तर शस्त्र परवान्याचा प्रश्नही येऊ शकतो.

मग पोलाद ओळखायचं. आमचं कुर्डुवाडी हे रेल्वेचं गाव. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन सुरू झाली, पुढे वर्कशॉप आलं आणि कानस चालवणारे हात गावात तयार झाले. झिजलेल्या कानशीची सुरी करणं हा फिटर लोकांचा जुना उद्योग. पात्याच्या पाठीजवळ तिरक्या रेघांची पुसट जाळी दिसली, तर ते कानशीचं पोलाद समजा. ते धार छान धरतं, पण वाकवायला गेलात तर काडकन मोडतं. म्हणून जुनी मूठ उचकटून काढू नका. रिबिटांची डोकी कानशीनं उडवा आणि खिळे ठोकणीनं हलके बाहेर काढा. काही जुन्या मुठींत शेपूट लाखेत किंवा राळेत बसवलेलं असतं. तिथे पात्याला ओला कपडा गुंडाळून फक्त मूठ शेकली की पकड सुटते.

गंजासाठी रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर पुरतो. ग्राइंडर मात्र लावू नका, पोलाद तापतं. पिवळसर झाक येते तोवर सहसा निभावतं. निळी आली म्हणजे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली आणि तिथलं पाणी उतरलं. ती धार पुन्हा टिकत नाही. जुन्या पात्यावरचा काळा थर ठेवावा, असं माझं मत. आरशासारखी चकाकी आणण्यात नाहक पोलाद जातं. शेपटावरचा सुटा गंज मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून काढा.

लाकूड बाभळीचं. शिसव देखणं असतं, पण आमच्या माढा तालुक्याच्या माळावर बाभूळ हाताशी आहे, आणि कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे तिचेच होतात. बाहेरचं पांढरट लाकूड टाकून आतला तांबूस गाभा घ्या. इथल्या उन्हाळ्यात ओलं लाकूड झपाट्यानं सुकतं आणि टोकांकडून तडकतं. म्हणून टोकांना मेण फासून तुकडा सावलीत ठेवा. अधूनमधून वजन करा. ते घटायचं थांबलं की लाकूड तयार.

आता खरी कसोटी. शेपूट सपाट आणि मुठीएवढंच रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक फळी बसते. शेपटाला काजळ लावा आणि फळीवर दाबा. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच घासा. काजळ सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हे चालतं, आणि इथे कंटाळलात तर राहिलेल्या फटीत पाणी जाऊन बसतं. भोकं शेपटाच्या जुन्या भोकांतूनच पाडा, आधी एका फळीला, मग दुसरीला. फळ्यांच्या पात्याकडच्या कडा चिकटवण्याआधीच गोल करून गुळगुळीत करा; नंतर तिथे कानस फिरवली की पात्यावर ओरखडे उठतात.

धारेवर जाड कापड आणि चिकटपट्टी गुंडाळा. अराल्डाइट लावून पितळी सळीचे तुकडे भोकांत घाला, फळ्या आवळा आणि दिवसभर हलवू नका. पितळ आधी लालसर तापवून थंड केलेलं असलं की मऊ पडतं. मग छोट्या हातोडीनं त्याची टोकं हळूहळू पसरवा. एकाच जोरदार ठोक्यानं फळी चिरते.

आकार तुमच्या हाताला विचारून द्या. शिकारी सुरीचं काम मुख्यतः सोलण्याचं, तेही ओल्या हातानं. म्हणून करंगळीपाशी मूठ थोडी फुगीर ठेवतात. मटण कापायला किंवा बागेत वापरतानाही तो फुगवटा उपयोगी पडतो.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका; हे तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ती दोरीवर पसरून वाळवा. धार सगळ्यात शेवटी, निसण्यावर, दोन्ही बाजूंनी साधारण वीस-वीस अंशांत. चामड्याच्या म्यानात सुरी कायम ठेवू नका. चामडं ओल धरतं. पात्याला शिलाई मशीनचं तेल पुसा, सुती कापडात गुंडाळा, आणि खाण्याच्या वस्तू कापण्याआधी ते तेल धुऊन टाका.