व्हॉल्व्ह गेला नाही, टाकी बुटकी आहे

"वॉशिंग मशीन पाणी घेत नाही? मग इनलेट व्हॉल्व्ह गेला." नंदुरबार, शहादा, नवापूर, कुठेही जा, हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकू येतं की मशीनच्या पुस्तिकेतच छापलंय असं वाटावं. सांगणारा कधी शेजारी असतो, कधी मेव्हणा, कधी मशीनला हातही न लावलेला मेकॅनिक. मग नवा व्हॉल्व्ह बसतो, मशीन चार दिवस नीट चालतं आणि पुन्हा तोच कोड येतो. एलजीच्या मशीनवर 'आयई', सॅमसंगच्या मशीनवर '४सी' किंवा जुन्या मॉडेलवर '४ई'. पुढचं वाक्यही ठरलेलं, "आता बोर्ड गेला असणार."

हा कोड व्हॉल्व्ह बिघडल्याचं सांगतच नाही. ठरलेल्या वेळात पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढलं नाही, एवढीच त्याची तक्रार असते. का चढलं नाही हे मशीनला कळत नाही, ते माणसाने शोधायचं. आणि शोध मशीनच्या मागे नाही, गच्चीवर सुरू करायचा.

जरा हिशेब करू. पाण्याचा दाब टाकीच्या लिटरवर ठरत नाही, उंचीवर ठरतो. दर दहा मीटरला साधारण एक बार. म्हणून पाचशे लिटरची टाकी काढून त्याच जागी हजाराची आडवी ठेवली तर साठा वाढेल, दाब नाही. आता आपलं नेहमीचं एकमजली घर घ्या. स्लॅब तीन मीटरवर, त्यावर विटांचे दोन थर, त्यावर मीटरभर उंचीची टाकी. मशीनला नळी जोडतो ती जागा जमिनीपासून मीटरभर वर. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी मधली उंची जेमतेम सव्वातीन मीटर, म्हणजे ०.३ बारच्या आसपास. कंपन्यांच्या पुस्तिका पाहिल्या तर किमान दाब कुठे ०.३, कुठे ०.५, कुठे चक्क १ बार लिहिलेला सापडतो. म्हणजे भरल्या टाकीला मशीन कसंबसं पास होतं आणि टाकी निम्मी झाली की नापास. त्यात अर्ध्या इंचाचा पाइप आणि चार-पाच एल्बो असले की पाणी वाहू लागल्यावर दाब आणखी घटतो.

काही जण याच्याही पुढे जातात. कपडे वाळत घालायला सोपं म्हणून मशीनच गच्चीवरच्या खोलीत नेतात. टाकी शेजारीच, म्हणजे पाणी जोरात येणार असा त्यांचा समज. प्रत्यक्षात टाकीतलं पाणी आणि मशीनचं तोंड जवळजवळ एका पातळीत येतं आणि दाब उरतो शून्याच्या शेजारी. अशा घरात दहा व्हॉल्व्ह बदलले तरी फरक पडणार नाही.

मग नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर मशीन चार दिवस चाललं कसं? त्या दिवशी टाकी भरलेली असेल. किंवा जुन्या व्हॉल्व्हबरोबर गाळाने बुजलेली जाळी गेली आणि नव्याबरोबर स्वच्छ जाळी आली. श्रेय मात्र व्हॉल्व्हला.

ही जाळी बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नसते. नळी मशीनला जिथे आट्याने बसते तिथेच आत प्लास्टिकची छोटी गाळणी असते. नंदुरबार शहराला शिवण नदीवरच्या विरचक धरणाचं पाणी येतं आणि पावसाळ्यात गढूळपणाचा काही अंश टाकीपर्यंत पोहोचतोच. शहादा-तळोद्याकडे तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत बोअर आहेत, त्यातून बारीक रेती येते. जुने लोखंडी पाइप असतील तर गंजाचे कपचे. हे सगळं त्या जाळीवर जमतं. नळ बंद करायचा, प्लग काढायचा, नळी सोडवायची, पक्कडीने जाळी हलकेच ओढायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. पाच मिनिटांचं काम आहे. नळी सुटलेलीच आहे तर तिचं टोक बादलीत धरून नळ सोडा. मिनिटाला पाच लिटरही पाणी येत नसेल तर मशीनला दोष देऊ नका. हा माझा ठोकताळा आहे, कंपनीचा आकडा नव्हे.

इथे एक महाभयंकर सल्ला हमखास मिळतो. "जाळी काढूनच टाका ना, पाणी जोरात येईल." येईल. आणि रेतीही येईल, थेट व्हॉल्व्हच्या रबरी पडद्यावर. तिथे एक खडा अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपतं. ज्याला बिघाड नव्हता तो व्हॉल्व्ह आता खरोखर बिघडवला.

हा पडदा कसा चालतो ते समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. वीज व्हॉल्व्ह थेट उघडत नाही. कॉइल फक्त एक लहानसा दांडा उचलते. त्यामुळे पडद्यावरचं पाणी मधल्या भोकातून निघून जातं आणि खालच्या पाण्याचा दाब पडदा वर ढकलतो. वीज गेली की दांडा खाली येतो, पडद्यावर पुन्हा पाणी साचतं आणि तेच त्याला दाबून बंद करतं. म्हणजे उघडायला दाब हवा आणि नीट मिटायलाही दाबच हवा. म्हणूनच बुटक्या टाकीवरचं मशीन एकदा 'पाणी घेत नाही' म्हणून आणि एकदा 'पाणी थांबत नाही' म्हणून बदनाम होतं.

दुसरा लाडका आरोपी म्हणजे खारं पाणी. बोअरचं पाणी कठीण असतं हे खरंच. आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. पण क्षारांचा कडक थर बसतो तो मुख्यतः पाणी तापतं तिथे, म्हणजे मशीनच्या हीटरवर. थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर थोडी पांढरी पापडी धरते, पण जाळी बुजवतो तो बहुधा गाळच. तुरटी फिरवून कठीणपणा जात नाही, तुरटी गढूळपणा खाली बसवते. आणि टीडीएस मीटर कठीणपणा मोजत नाही. सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा तो अंदाज देतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे प्रयोगशाळाच सांगेल.

पंप लावला की प्रश्न मिटला? टाकीनंतरच्या पाइपवर छोटा प्रेशर पंप लावला तर बहुधा मिटतो. पालिकेच्या नळाला थेट मोटर जोडणं वेगळं. त्याने शेजाऱ्याचं पाणी पळतं आणि पालिका मोटर उचलून नेऊ शकते.

व्होल्टेजकडेही बघा. संध्याकाळी दिवे पिवळे पडतात त्या वेळी मशीन लावलं आणि मागून नुसतीच गुणगुण आली, तर कॉइल जिवंत आहे, दांडा उचलण्याइतकं बळ तिला मिळत नाहीये.

सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांनी ही चर्चा ऐकून घाबरू नये. त्यांच्या मशीनला सहसा विजेवर चालणारा व्हॉल्व्हच नसतो, नळ सोडणारे तुम्हीच.

मशीन एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून रिकामं होतंय? बाहेर जाणारी नळी जमिनीवर लोळत असेल. ती पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर टांगा.

व्हॉल्व्ह खरंच जातोही, नाही असं नाही. ओळखायची रीत सोपी आहे. प्लग काढा, नळ चालू ठेवा. तरीही ड्रममध्ये पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्ह मिटत नाहीये, विजेचा यात संबंध नाही. प्लग काढताच थांबलं तर बोर्ड किंवा पातळी मोजणारा सेन्सर तपासायचा. दाब चांगला, जाळी स्वच्छ, तरी पाणी नाही? मग वायरमनकडून प्लग काढून कॉइल मल्टीमीटरवर मोजून घ्या. २३० व्होल्टच्या कॉइलला बहुधा तीन ते पाच हजार ओहम दिसतात. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली, व्हॉल्व्ह बदला. आणि बदललात तर जुना मेकॅनिककडून मागून घ्या आणि आधी त्याची जाळी बघा.