आधी शिदोरी, मग जेजुरी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया या गावी २००६ साली अवघे ३४ सायकलस्वार खडीच्या रस्त्यांवरील २०० मैलांच्या शर्यतीस निघाले. आज तेथे हजारो स्पर्धक जमतात आणि त्यांच्यामागोमाग बाजारपेठही हलक्या, महागड्या कार्बन सायकलींची आरास मांडते.

परंतु खर्चलेल्या पैशाचा सीमांत लाभ अधिक कोठे, हे आधी तपासले पाहिजे. फ्लिंट हिल्सचे धारदार दगड टायर चिरतात. म्हणून ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे मजबूत टायर मावतील अशी चौकट आणि चढासाठी हलका गियर, एवढे प्रथम पाहावे. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो. त्यामुळे धक्के जिरतात व पकड वाढते. पोलादी सायकल थोडी जड खरी, पण या कसोटीस ती उणी नव्हे.

दमसास मात्र विकत मिळत नाही. बोलता येईल इतक्या वेगाने, आठवड्यागणिक अंतर थोडेथोडे वाढवीत, मध्ये विश्रांती घेत तो साठवावा लागतो. दीर्घ श्रमांत शरीरातील साखरेचा साठा काही तासांतच सरतो. म्हणून भुकेची वाट न पाहता खात राहावे.

मासिक वेतनावर जगणाऱ्याने कर्ज काढण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. भांडवल उसने आणता येते; दम नव्हे.