आतड्यातले शेजारी

‘डॉक्टर, आतड्याला सूज आलीय, म्हणजे जंतूच झाले असणार. मग जंतू मारायचं औषध द्या की!’ क्रोन्स डिसीज किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेले रुग्ण मला हे हमखास ऐकवतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदतात. न पचलेला चोथा आंबवून त्यातले काही ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. आपली प्रतिकारशक्तीही या शेजाऱ्यांना सांभाळून घेते. वर सांगितलेल्या दोन आजारांत हा सलोखा बिघडतो.

हे कळलं कसं? १९९१ साली बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या डॉक्टरांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. क्रोन्सच्या मोजक्या रुग्णांच्या आतड्याचा आजारी भाग काढून त्यांनी उरलेली टोकं जोडली, पण आतड्यातला प्रवाह काही महिने वरच्या वर बाहेर वळवला. जोडलेली जागा निरोगी राहिली. प्रवाह पूर्ववत केल्यावर सूज परतली. उंदरांतही तेच दिसतं. कोलायटिसकडे जन्मजात कल असलेल्या काही जातींचे उंदीर जंतुविरहित जागेत वाढवले, तर त्यांना आजार होत नाही.

मग सगळे जंतू मारून टाकावेत का? नाही. क्षयासारखा एकच दोषी जंतू इथे सापडलेला नाही. उलट २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांना आढळलं, की शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा क्रोन्स उलटला, त्यांच्यात ब्युटिरेट बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम हा जिवाणू कमी होता. सरसकट मारा केला तर असे उपकारी शेजारीही जातात.

म्हणून दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेऊ नका. पू झाला असेल, भगंदर असेल तर ती लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. दही सोसत असेल तर जरूर खा. मात्र त्याच्या भरवशावर चालू औषध सोडू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि दोघांचे उपचार अगदी वेगळे. क्रोन्स समजून क्षयाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिलं, तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा शौचावाटे रक्त जात असेल, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, वजन घटत असेल, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका. दुर्बिणीतून तपासणी करून घ्या, आतड्याचा तुकडा तपासू द्या. निदान पक्कं झालं, की उपचार पुष्कळ आहेत.