चांदणी लावताय? आधी बोर्ड बघा!

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की हिल रोडचा फूटपाथ ओळखू येत नाही. एरवी जिथे टॉप आणि ओढण्या लटकतात, तिथे कागदी चांदण्या, चमचमणारी झालर आणि लायटिंगच्या माळा झुलायला लागतात. कॉलेज सुटलं की तुमची पावलंही आपोआप तिकडे वळतात. घासाघीस होते, एकाच्या जागी तीन माळा पिशवीत पडतात. घरी आल्यावर मात्र पहिला प्रश्न उभा राहतो: ही लावायची कुठे? टीव्हीमागचा बोर्ड भरलेला. मग एक एक्स्टेन्शन, त्यात मल्टिप्लग, त्यात आणखी एक टू-पिन. घरातले म्हणतात, "तू सायन्सला आहेस ना, बघ जरा." आणि स्टुलावर चढता तुम्ही.

हा लेख त्या स्टुलावर चढणाऱ्यासाठी आहे. मग तुम्ही सायन्सचे असा, नाहीतर बीएमएमचे.

वांद्र्यात हा प्रश्न एका सणापुरता नसतो. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा, त्याच्या आगेमागे गणपती, मग दिवाळीचा कंदील आणि शेवटी नाताळ. पूर्वेच्या सरकारी वसाहतीत गणपतीच्या मखराला लावलेली माळ दिवाळीत गॅलरीत जाते. पश्चिमेला रानवर, चिंबई, शेर्लीच्या जुन्या घरांत गेल्या वर्षीची चांदणी पोटमाळ्यावरून खाली येते. म्हणजे बहुतेक माळा वर्षातले आठ-नऊ महिने गुंडाळून पडलेल्या असतात. उंदीर, दमट हवा आणि वायरला पडलेल्या घड्या, तिघंही तेवढ्या काळात आपापलं काम करून ठेवतात.

लोड नेमका कुणाचा?

आधी एक गैरसमज काढून टाकू. "इतक्या माळा लावल्यास तर लोड येईल," असं आजी म्हणते. एलईडीच्या माळांच्या बाबतीत आजीची भीती सहसा खोटी ठरते. गणित सोपं आहे. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. दहा वॅटची एक एलईडी माळ धरली, तर अशा दहा माळांचे झाले १०० वॅट. म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. छोटा, सहा अँपिअरचा सॉकेट १३८० वॅटपर्यंत पेलतो. त्याला या माळा म्हणजे काहीच नाहीत.

मग गडबड कुठे होते? त्याच बोर्डावर. नाताळच्या आदल्या संध्याकाळी केकसाठी ओटीजी लावला, १५०० वॅट. शेजारीच चहाची इलेक्ट्रिक किटली, आणखी १५००. दोन्ही मिळून झाले १३ अँपिअर, आणि हे सगळं चाललंय त्याच एक्स्टेन्शनवर, जे माळांसाठी ओढलं होतं. त्याची वायर बारीक आणि पिन सहा अँपिअरची. पीजीमध्ये राहणाऱ्यांनी तर हे चित्र डोळे मिटून ओळखावं. एका खोलीत चौघं, भिंतीत एक धड पॉइंट आणि त्यावर किटली, इस्त्री, लॅपटॉप, हेअर ड्रायर.

इथे बारावीचं फिजिक्स कामाला येतं. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आता समजा, सॉकेटमधली पिन सैल आहे आणि त्या जागी जेमतेम ०.२ ओहमचा रोध आहे. त्यातून १३ अँपिअर गेले की तेवढ्याशा जागेत सुमारे ३४ वॅट उष्णता तयार होते. प्रॅक्टिकलला वापरतो ती सोल्डरिंग गन आठवा. ती बहुधा २५ वॅटची असते आणि कथील वितळवते. तशी एक गन तुमच्या सोफ्यामागे, पडद्याला चिकटून, तासभर चालू आहे, असं समजा.

म्हणून पहिला नियम: माळांच्या बोर्डावर फक्त माळा. ओटीजी, गिझर, इस्त्री, इंडक्शन यांना भिंतीतला सोळा अँपिअरचा स्वतःचा पॉइंट. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडायचं नाही. आणि वेटोळं केलेली वायर तशीच गालिच्याखाली सरकवायची नाही, तिला उष्णता बाहेर टाकायला जागा लागते.

"एमसीबी आहे ना!"

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. एमसीबी आहे, पण तो कुणाचा रखवालदार आहे? भिंतीतल्या जाड वायरचा. सोळा अँपिअरचा एमसीबी तेवढा करंट बिनदिक्कत जाऊ देतो. तुमच्या माळेची केसासारखी वायर त्याच्या कितीतरी आधी तापून वितळू शकते, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लगच्या आतच छोटा फ्यूज असतो, तो त्या त्या उपकरणाच्या वायरला सांभाळतो. आपल्याकडच्या प्लगमध्ये ती सोय नाही. त्यामुळे बारीक वायरवर लक्ष ठेवणारा फ्यूज तुम्हीच.

जुन्या बंगल्यांत आणि चाळींत अजून किटकॅट फ्यूज दिसतात. तिथे फ्यूज उडाला की हाताला लागेल ती जाड तार बसवण्याची वाईट खोड असते. तशी तार बसवली की फ्यूज उडायचा थांबतो खरा, पण मग त्याच्याऐवजी वायर जळते.

दुसरी गोष्ट शॉकची. सोळा अँपिअरचा एमसीबी माणसाला शॉक लागण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. साधारणपणे घरात बसतो तो ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, म्हणजे एमसीबीच्या आकड्याच्या पाचशेव्या भागापेक्षाही कमी. तुमच्या मीटरजवळच्या डब्यात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच आहे का, आजच बघा. असेल तर बटण दाबा. लाइट गेले पाहिजेत. गेले नाहीत, तर माळा लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. असा स्विचच नसेल, तर यंदाच्या सणाला घरात सगळ्यात उपयोगी भेट तीच ठरेल.

बंद माळ मेलेली नसते

हा भाग नीट वाचा, कारण इथे बहुतेकजण फसतात.

जुन्या छोट्या बल्बच्या माळेत सगळे बल्ब एकसरीत जोडलेले असतात. सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब मिळून २३० व्होल्ट वाटून घेतात. एक बल्ब गेला की सगळी माळ विझते. आपण काय करतो? माळ चालूच ठेवून एकेक बल्ब हलवत बसतो. आपल्या डोक्यात हिशेब असतो की बल्ब सहा व्होल्टचा आहे, तो काय करणार! पण सर्किट जिथे तुटलंय, नेमक्या त्याच रिकाम्या जागेवर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. अंधारातल्या माळेतला मोकळा होल्डर हा भिंतीतल्या उघड्या सॉकेटइतकाच धोक्याचा.

आणि गेलेला बल्ब काढून दोन्ही टोकं पीळ मारून जोडायची ती प्रसिद्ध युक्ती? त्यामुळे उरलेल्या बल्बांच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. ते आणखी तापतात, आणखी लवकर जातात. दोन-तीन वर्षं ही युक्ती केली की माळ चांगलीच गरम व्हायला लागते.

स्वस्तातल्या एलईडी माळांवरही भरवसा ठेवू नका. ज्यांना अडॅप्टर नसतो, नुसती एक प्लास्टिकची डबी आणि टू-पिन असते, त्यांच्या वायरीत थेट घरचा करंट खेळत असतो. यूएसबीवर चालणारी किंवा अडॅप्टरवर ५, १२, २४ व्होल्ट असं लिहिलेली चांगली माळ त्यामानाने बरीच सुरक्षित. लहान मुलं, मांजर असलेल्या घरात तीच घ्या.

विकत घेताना प्लग, सॉकेट आणि एक्स्टेन्शनवर आयएसआयची खूण बघा. एलईडी माळा बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत, त्यांच्या खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. 'बीआयएस केअर' हे ॲप उघडून तो क्रमांक तिथल्या तिथे तपासता येतो. हिल रोडवरच्या कितीतरी खोक्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. मग निदान वायर बोटांत धरून बघा. ती फार पातळ वाटली, प्लग हलका आणि पिना डुगडुगत्या वाटल्या, तर पैसे खिशातच ठेवा.

खाडीकडचा वारा आणि खिडकीची ग्रिल

बँडस्टँड, कार्टर रोड, चिंबईत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, समुद्राची खारट हवा धातूला खाते. पिना हिरवट पडतात, संपर्क सैल होतो, आणि सैल संपर्क म्हणजे पुन्हा तीच सोल्डरिंग गन. बाहेर लावायची माळ बाहेरच्यासाठीच बनवलेली हवी. सगळे जोड आणि प्लग घराच्या आत ठेवा.

माळ लोखंडी ग्रिलला बांधताना तारेचे तुकडे किंवा खिळे वापरू नका. वायर सोलली गेली की अख्खी ग्रिल 'लाइव्ह' होते, आणि सकाळी त्याच ग्रिलवर आई ओला टॉवेल वाळत घालते. प्लास्टिकचे टाय वापरा. कागदी चांदणीत किंवा कंदिलात साठचा, शंभरचा जुना बल्ब अजिबात नको. पाच वॅटचा एलईडी पुरतो. गव्हाणीच्या देखाव्यातला कापूस आणि सुकं गवत माळेपासून दूर ठेवा.

सोसायटीच्या लायटिंगसाठी मीटर रूममधून परस्पर वायर ओढायची टूम निघाली, तर तुम्हीच अडवा. ते धोक्याचं आहे, आणि कायद्याने वीजचोरीही ठरू शकते. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घेता येते.

दहा मिनिटांची तपासणी

• माळ जमिनीवर पसरून, प्लग काढून, पूर्ण लांबी बोटांखालून फिरवा. चिरलेली, कुरतडलेली, टेप लावलेली असेल तर कचऱ्यात.
• बल्ब बदलताना स्विच बंद करून भागत नाही. प्लगच बाहेर काढा.
• लावल्यावर अर्ध्या तासाने प्लग आणि बोर्डावर हात ठेवा. कोमट लागलं तरी बंद करा. जळका, माशासारखा वास आला तर थांबूच नका.
• झोपताना आणि बाहेर जाताना सगळं बंद. विसरायला होत असेल तर टायमर लावा.
• ठिणगी किंवा आग दिसली तर आधी मेन स्विच बंद. चालू विजेवर पाणी नाही. लगेच बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.
• कुणाला शॉक लागला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद, मगच जवळ जा.

आणि एक शेवटचं काम. तुमच्या शेजारी एखाद्या आंटी किंवा आजोबा एकटे राहत असतील. मुलं कॅनडात नाहीतर दुबईत. दरवर्षी त्या हौसेने तीच जुनी चांदणी लावतात, त्याच जुन्या होल्डरमध्ये, तोच साठचा बल्ब. आपल्या घरची माळ तपासून झाली की स्टूल घेऊन त्यांच्याकडे जा. बल्ब बदला, प्लग बघा, टेस्टचं बटण दाबून दाखवा.

केकचा तुकडा मिळेलच. पण त्या रात्री त्या चांदणीखाली निश्चिंत झोपतील, ते जास्त महत्त्वाचं.