बूट चावत नाही म्हणजे तो मापाचा आहे असे नाही



मुंबईत आपल्या मंडळींपैकी कित्येकांनी रेल्वेत, पोस्टात, बँकेत नोकऱ्या केल्या. कचेरीत जायचे तर पायांत पॉलिश केलेले काळे बूट हवेतच, ही त्यांची सवय. इथे इस्रायलमध्ये ऑफिसात सँडल घातले तरी कोणी काही बोलत नाही, पण सवय जात नाही. वयाच्या 67 नंतरही काहीजण अर्धवेळ कामावर जातात. शिवाय सिनेगॉग आणि लग्नकार्ये आहेतच.

मी अनेक वर्षे नर्सचे काम केले. बूट कसा निवडला असे विचारले की बहुतेकजण सांगत, "घालून पाहिला, कुठे दुखले नाही, घेतला." तरुणपणी ही परीक्षा ठीक आहे. पण मधुमेह जुना झाला की पायाच्या नसांची संवेदना कमी होते. बूट चावतो, फोड येतो, फुटतो, तरी माणसाला पत्ता नसतो. अशी लहानशी जखम चिघळली तर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून दुखण्यावर विसंबू नका, मापावर विसंबा.

वयाबरोबर पाऊल पसरते आणि लांबते. जुना नंबर सांगून बूट मागू नका. भारतातला 8 नंबर म्हणजे इथला साधारण 42, पण तो तुमचा आजचा नंबर असेलच असे नाही. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, तेव्हाच माप घ्या. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. तो कागद दुकानात न्या आणि बूट त्यावर ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली तर तो बूट आपला नाही. दोन पावलांत फरक असेल तर मोठ्याचे माप धरा.

सर्वांत लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. पुढचा भाग रुंद हवा; निमुळत्या बुटाने कुरूप होते. टाच घट्ट बसावी, उंची अडीच सेंटिमीटरच्या आत असावी. तळ न घसरणारा हवा. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. वाकून नाडी बांधणे जमत नसेल तर वेलक्रोचा काळा बूट घ्या, तोही सभ्य दिसतो.

नवा बूट पहिल्या दिवशी घरात अर्धा तासच घाला. काढल्यावर पावलावर लाल डाग आहे का ते पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवंडाला पाहायला सांगा. मोजे फिक्या रंगाचे वापरा, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. खडा किंवा उसवलेले अस्तर हाताला कळते.

योम किप्पूरला आपण चामडे घालत नाही. त्या दिवशी नुसत्या मोज्यांवर किंवा सपातांवर चालू नका. जाड तळाचे, मागून बंद असलेले कापडी बूट सणाआधीच घेऊन ठेवा.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी कुपत खोलीममध्ये पाय तपासून घ्या. जखम दिसली तर मात्र थांबू नका. दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा.